मुस्लिम शेजाऱ्यांना ईदची भेट काय द्यायची? एकेक गोष्ट नीट बघून

दरवर्षी ईद जवळ आली की ओळखीतलं कुणीतरी विचारतं, शेजारी ईद आहे, काय न्यावं, मिठाई चालेल का, अत्तर देऊ का, आणि विचारणाऱ्याच्या मनात भीती एकच असते की आपल्याकडून काही चुकीचं जाऊ नये. ही भीती चांगलीच आहे, म्हणजे समोरच्याची काळजी आहे. पण तिच्यामुळे बरेच जण शेवटी काहीच देत नाहीत, नाहीतर घाईत दिसेल तो बॉक्स उचलतात.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी शेजारच्या भाभींकडे ईदला महागातलं चॉकलेट नेलं होतं. त्यांनी मनापासून घेतलं, आणि घरी आल्यावर त्याच चॉकलेटचा दुसरा डबा उघडला तेव्हा मागे बारीक अक्षरात दिसलं की आतलं फिलिंग लिकरचं, म्हणजे गोड दारूचं आहे. लगेच परत जाऊन सांगितलं, त्या म्हणाल्या बरं झालं सांगितलंत, मुलं उघडणारच होती. तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरली आहे, भेट अशी हवी की घेणाऱ्याला ती तपासत बसावं लागू नये. डबा हातात घेतल्यावर त्यांच्या मनात शंका येता कामा नये, हे चालेल ना, आता याचं काय करायचं. तपासायचं काम आपलं. खाली जे लिहिलंय ते सगळं या एकाच गोष्टीसाठी आहे.

आधी बघा, कुठली ईद आणि कधी

ईद दोन आहेत हे बहुतेकांना माहीत असतं पण दोघींचा मूड वेगळा असतो हे लक्षात घेत नाहीत. रमजान ईद, म्हणजे ईद उल फित्र, रोजांचा महिना संपल्यावर शव्वाल महिन्याच्या १ तारखेला येते. गोडधोड, नवे कपडे, दिवसभर येणंजाणं. बकरी ईद, म्हणजे ईद उल अजहा, त्यानंतर साधारण ७० दिवसांनी, जिलहिज महिन्याच्या १० तारखेला. त्या दिवशी कुर्बानीचं काम असतं, घरातली माणसं सकाळपासून दमलेली असतात, त्यामुळे भेटही वेगळी लागते. त्यावर पुढे सांगतो.

हिजरी, म्हणजे इस्लामी वर्ष चंद्रावर चालतं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकते. गेल्या वर्षीची तारीख डोक्यात ठेवून बसलात तर हमखास चुकाल. शिवाय महिना २९ चा की ३० चा हे चंद्र दिसण्यावर ठरतं, म्हणून नेमका दिवस कधीकधी आदल्या रात्रीच कळतो. भेट किमान तीन दिवस आधी तयार ठेवा. आणि हो, सगळ्या मुस्लिम घरांची ईद एकाच दिवशी असेल असंही नाही, दाऊदी बोहरा (शिया मुस्लिमांमधला एक समाज) लोक आधीच ठरलेलं, गणिताने काढलेलं कॅलेंडर वापरतात त्यामुळे त्यांची ईद एखाद दोन दिवस आधी येऊ शकते. सरळ विचारा, "तुमच्याकडे ईद कधी आहे?" या प्रश्नाने कुणालाच वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं.

मग घर बघा, धर्म नंतर

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. "मुस्लिम माणसाला काय द्यावं" असा विचार केला की डोळ्यासमोर ठरलेल्या चार वस्तू येतात, खजूर, अत्तर, जानमाज म्हणजे नमाजची चटई, तसबीह म्हणजे जपमाळ. पण तुमच्या शेजारी कुणी "मुस्लिम माणूस" राहत नाही, तिथे गुडघे दुखणारे चाचा राहतात, दहावीतली मुलगी राहते, रात्रपाळी करणारा मुलगा राहतो, आणि सगळ्यांचं करता करता स्वतः शेवटी जेवणाऱ्या भाभी राहतात. कोण कोण आहे, वय काय, डायबेटिस कुणाला आहे, नट्सची अॅलर्जी आहे का, घरात बाळ आहे का, कुणाला दमा आहे का. हे पाच मिनिटं आठवून बघा, अर्धी भेट तिथेच ठरते. डायबेटिसवाल्या घरात ईदच्या दिवशी मिठाईचे ढीग येतात, तिथे तुम्ही चांगली ताजी फळं किंवा न खारवलेला सुकामेवा नेला तर तो खरंच खाल्ला जातो.

आणि प्रत्येक घराची पाळण्याची पद्धत वेगळी असते. एका घरात एखादी गोष्ट अगदी चालते, दुसऱ्यात अजिबात नाही, आणि दोघंही मनापासून मुस्लिमच असतात. त्यामुळे खाली मी जिथे "टाळा" म्हणतोय ते "सगळ्यांना वर्ज्य आहे" म्हणून नाही, माहीत नसेल तर सेफ बाजूला रहा म्हणून. कुणाला विचारायचं? घरातल्या तरुण मुलामुलींना. ते मोकळेपणाने सांगतात, मोठी माणसं संकोचाने "काहीही चालेल हो" म्हणतात.

खायचं देत असाल तर लेबल वाचा, दोनदा वाचा

हराम, म्हणजे धर्माने मनाई केलेलं, म्हटलं की डुकराचं मांस आणि दारू एवढंच आठवतं, पण भेटवस्तूंच्या डब्यात या दोन गोष्टी वेगळ्याच नावाने येतात. जिलेटिन बघा. गमी कँडी, मार्शमेलो, जेली, काही मूस केक यात ते असतं आणि बऱ्याचदा डुकराच्या कातडीपासून बनलेलं असतं. लेबलवर बीफ जिलेटिन लिहिलंय म्हणून सुटलो असं नाही, कारण जनावर हलाल, म्हणजे धर्माला मान्य असलेल्या पद्धतीने कापलेलं असायला लागतं. लार्ड म्हणजे डुकराची चरबी, काही बिस्किटं आणि पेस्ट्रीमध्ये वापरतात. ई ४७१ नावाचं इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) वनस्पती तेलापासूनही बनतं आणि प्राण्याच्या चरबीपासूनही, डब्यावर मूळ लिहिलं नसेल तर शंका राहते. चीज देत असाल तर रेनेट, म्हणजे दूध गोठवायला वापरतात तो पदार्थ, कशाचं ते बघा, ते जनावराच्या पोटातूनही काढतात, मायक्रोबियल किंवा व्हेजिटेरियन लिहिलेलं असलं की प्रश्न मिटतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण शाकाहारी लोक इथेच फसतात. डबा पूर्ण शाकाहारी आहे म्हणजे तो चालेल असं आपण धरून चालतो. जिलेटिन, चरबी, रेनेट हे प्रश्न शाकाहारी डब्याने सुटतात, खरं आहे, पण दारूचा प्रश्न सुटत नाही. रम केक, लिकर चॉकलेट, वाइनमध्ये भिजवलेली फळं घातलेला प्लम केक, तिरामिसू, हे सगळं अंडं सोडलं तर शाकाहारीच असतं. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टसुद्धा मुळात अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, यावर वेगवेगळ्या घरांत वेगळं मत सापडेल, म्हणून घरी केक करणार असाल तर व्हॅनिला पावडर किंवा अल्कोहोल नसलेलं फ्लेवर वापरा आणि देताना तसं सांगा. हलाल सर्टिफिकेटचा शिक्का असलेला डबा मिळाला तर तुमचं काम सोपं होतं.

घरचं करून नेण्यात जो जिव्हाळा आहे तो विकतच्या डब्यात नाही हे मान्य, पण तुमच्या घरात पोर्क शिजत असेल किंवा स्वयंपाकात वाइन वापरत असाल तर काहींना भांड्यांचीही अडचण वाटते, अशा वेळी अख्खी फळं, मध, बंद पॅकेटमधला सुकामेवा असं न्या. तुमचं घर शाकाहारी असेल तर बिनधास्त घरचं करा, आणि सोबत एक छोटी चिठ्ठी ठेवा, यात काय काय घातलंय त्याची. ही चिठ्ठी मी आता कायम ठेवतो. अॅलर्जीवाल्या मुलांच्या आयांनाही तिचा उपयोग होतो.

खजुराबद्दल थोडं वेगळं मत आहे माझं. खजूर उत्तम भेट आहे पण ईदच्या दिवशी नाही, कारण महिनाभर रोजा खजुरानेच सोडलेला असतो, घरात आधीच चार डबे उघडे पडलेले असतात. खजूर द्यायचा तर रमजानच्या सुरुवातीला द्या, रोज संध्याकाळी तुमची आठवण निघेल. मेडजूल मोठा, मऊ, गरासारखा असतो, अजवा काळसर आणि लहान, मदिनेचा म्हणून त्याला फार मान आहे, सुक्करी सोनेरी आणि अगदी गोड. वयस्कर माणसं असतील तर मऊ प्रकार घ्या. अजून एक, रमजान ईदच्या नमाजला जायच्या आधी एक, तीन, पाच असे विषम संख्येने खजूर खाऊन निघायची सुन्नत, म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेली रीत आहे, तेव्हा ईदच्या आदल्या संध्याकाळी अगदी छोटा पण चांगल्या प्रतीचा डबा पोचवला तर तो नेमका कामी येतो.

रमजानमध्ये काहीही खायचं नेणार असाल तर दुपारी नेऊ नका. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी न्या, पटकन देऊन निघा, तेव्हा त्या घरात धावपळ असते.

अत्तर, कपडे आणि बाकी वस्तू

ईदच्या दिवशी आंघोळ करून, चांगले कपडे घालून, सुगंध लावून नमाजला जातात, म्हणून अत्तर ही खरोखर शोभणारी भेट आहे. अल्कोहोल नसलेलं, तेलातलं अत्तर घ्या, कारण स्प्रे परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं आणि काही जण ते लावून नमाज पढत नाहीत. ३, ६, १२ मिलीच्या बाटल्या मिळतात, छोटीच घ्या पण चांगली घ्या. गुलाब, खस, चंदन बहुतेकांना आवडतात. ऊद, म्हणजे अगरूचा वास, उग्र असतो, आवड माहीत असेल तरच. बऱ्याच बायका बाहेर जाताना सुगंध लावत नाहीत, तेव्हा अख्ख्या घरासाठी काही द्यायचं तर बखूर द्या, म्हणजे सुगंधी तेलात मुरवलेले लाकडाचे तुकडे, निखाऱ्यावर किंवा इलेक्ट्रिक बर्नरवर ठेवतात. फक्त घरात दमेकरी असेल तर धूर नको.

पुरुषांसाठी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा, सोनं नको आणि शुद्ध रेशीम नको. दोन्हींची पुरुषांना मनाई आहे, बायकांना चालतात. म्हणजे सोन्याची अंगठी, सोन्याचा मुलामा दिलेलं घड्याळ, सिल्कचा टाय, सिल्कचा कुर्ता हे सगळं बाद. चांदीची अंगठी चालते, स्टीलचं घड्याळ चालतं, कॉटन लिनन चालतं.

पण चांदीचंही एक आहे जे फार कमी लोकांना माहीत असतं. सोन्याचांदीच्या भांड्यात खाणंपिणं स्त्री पुरुष दोघांनाही मना आहे. तुम्ही प्रेमाने बाळासाठी चांदीची वाटी चमचा किंवा चांदीचा पेला न्याल, महागातला, आणि ती वस्तू त्या घरात कधीच वापरली जाणार नाही, कपाटात जाईल. स्टील, काच, तांबं, पोर्सिलेन घ्या. बोन चायनाच्या कपांमध्ये हाडांची राख असते म्हणून काही घरं तेही घेत नाहीत, साधं पोर्सिलेन तितकंच सुंदर दिसतं.

लेदरचं पाकीट, बेल्ट, बूट घेताना पिगस्किन नाही ना बघा, बुटाच्या आतल्या अस्तरात ते खूपदा असतं. महागडे केसांचे ब्रश आणि पेंटिंगचे काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात, लेबलवर बोअर ब्रिसल किंवा हॉग ब्रिसल लिहिलेलं असतं. सिंथेटिक घ्या म्हणजे झालं.

माणसांच्या किंवा प्राण्यांच्या मूर्ती, पुतळे, मोठी पोर्ट्रेट टाळा. शोभेची वस्तू द्यायची तर कुंडीतलं झाड द्या, मला तरी याहून निर्धोक आणि टिकणारी भेट माहीत नाही, आमच्या शेजारच्या चाचांकडे मी दिलेलं मोगऱ्याचं रोप तिसऱ्या कुंडीत गेलंय. नाहीतर भौमितिक नक्षीचा ट्रे, दिवा, चांगली बेडशीट, किटली.

हिजाब किंवा स्कार्फ फक्त तिलाच द्या जी आधीपासून वापरते, आणि तिचे नेहमीचे रंग बघून. जी वापरत नाही तिला दिला तर त्यातून नको तो अर्थ निघतो.

धार्मिक वस्तू द्याव्यात का?

माझं उत्तर, जपून. जानमाज द्यायला हरकत काहीच नाही पण घरात आधीच पाच सहा असतात. द्यायचीच असेल तर काहीतरी उपयोगाचं कारण असू दे, गुडघेदुखीवाल्यांसाठी जाड फोमची, प्रवासासाठी घडी होऊन खिशात मावणारी, लहान मुलासाठी छोट्या मापाची. तसबीह ३३ किंवा ९९ मण्यांची असते, लाकडी साधी सगळ्यांना आवडते. कुराण मात्र मी स्वतः देत नाही, ते घरात असतंच, आणि ते कसं ठेवायचं, कसं हाताळायचं याचे नियम आपल्याला पूर्ण माहीत नसतात.

अल्लाहचं नाव किंवा आयत, म्हणजे कुराणातलं वचन, छापलेल्या वस्तूंच्या बाबतीत फार काळजी घ्या. कागदी पिशव्या, नॅपकिन, रॅपिंग पेपर, केकवरचं आयसिंग, पायपुसणं, उशी. पिशवी कचऱ्यात जाणार, केक सुरीने कापला जाणार, आणि पवित्र नाव तिथे असलेलं कुणालाच सहन होत नाही. दिसायला छान अरबी अक्षरं दिसली म्हणून उचलू नका, काय लिहिलंय ते माहीत नसेल तर घेऊच नका. चंद्र, तारे, कंदील, नक्षी हे डिझाइन पुरेसं सुंदर असतं.

मुलांसाठी

मुलं ईदीची वाट बघत असतात. ईदी म्हणजे मोठ्यांनी लहानांना दिलेले पैसे, आणि शेजाऱ्यांनी दिली तरी मुलांना तेवढाच आनंद होतो. कोऱ्या नोटा घ्या, प्रत्येकाचं वेगळं पाकीट करा, त्यावर मुलाचं नाव स्वतःच्या हाताने लिहा. भावंडांना सारखीच रक्कम द्या, नाहीतर भेट राहते बाजूला आणि रडारड सुरू. दोनचार पाकिटं जास्तीची ठेवा कारण त्या दिवशी मामेभाऊ चुलतभाऊ आलेले असतात आणि एकालाच दिलं तर बाकीची बघत बसतात.

खेळणी द्यायची तर ब्लॉक, पझल, सायन्स किट, रंग, सायकलची घंटी, फुटबॉल. फाशांचे खेळ काही घरांत चालत नाहीत, वाद्यंही काहींना नको असतात, आणि डुकराच्या आकाराचा गल्ला तर अजिबात नको. ज्या मुलाने त्या वर्षी पहिला रोजा ठेवलाय त्याला वेगळं काहीतरी छोटं द्या आणि त्याचं तोंडाने कौतुक करा, त्या वयात दिवसभर पाणी न पिता राहणं फार मोठी गोष्ट आहे.

कधी जायचं, काय बोलायचं

ईदची नमाज सकाळी, सूर्योदयानंतर थोड्या वेळाने असते. पुरुष मंडळी परत येईपर्यंत आणि घरच्यांचं गळाभेट वगैरे होईपर्यंत थांबा, साधारण अकरानंतर किंवा संध्याकाळी जा, आधी मेसेज करा. मगरिबच्या म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या वेळेला नेमकं दार वाजवू नका. पहिल्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी गेलात तरी चालतं. "ईद मुबारक" एवढंच बोलायचं, "रमजान मुबारक" हे महिना चालू असताना म्हणतात. ते "खैर मुबारक" म्हणतील. भेट उजव्या हाताने द्या किंवा दोन्ही हातांनी. परक्या स्त्रीपुरुषांनी हात मिळवणं काही घरांत नसतं, म्हणून समोरून हात आला तर मिळवा, नाहीतर छातीवर हात ठेवून मान झुकवली की पुरे. पोट थोडं रिकामं ठेवून जा, ते तुम्हाला खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत. भेट तुमच्यासमोर उघडली नाही तर आवडली नाही असं समजू नका.

फार महागाचं नेऊ नका हेही सांगतो. समोरच्याला तेवढ्याच किमतीची परतफेड करायचं ओझं होतं आणि मग पुढच्या वर्षी दोघंही टाळायला लागतात. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, एक प्रसंग आहे, त्यांच्या पत्नी आयशांनी त्यांना विचारलं की मला दोन शेजारी आहेत तर भेट कुणाला देऊ, तर उत्तर मिळालं, ज्याचं दार तुझ्या दाराला जास्त जवळ त्याला. मुस्लिमांमध्ये शेजाऱ्याला इतका मान आहे की तुम्ही फक्त दारात उभे राहिलात तरी त्याची किंमत होते.

बकरी ईदला काय?

या दिवशी मिठाईच्या डब्यापेक्षा मदत जास्त उपयोगी. कुर्बानीच्या मांसाचे साधारण तीन वाटे करतात, एक घरात, एक नातेवाईक आणि शेजाऱ्यांना, एक गरिबांना. हे सगळं वाटायचं, भरायचं, थंड ठेवायचं असतं. तुमच्या फ्रीजरमध्ये जागा असेल आणि तुम्हाला अडचण नसेल तर ती देऊ करा. झाकणाचे डबे, झिप पिशव्या, बर्फ, कापलेली फळं, लिंबं, ताजं दही हे न्या. त्यांची लहान मुलं दोन तास आपल्याकडे आणा. तुम्ही शाकाहारी असाल तर आधीच हसत सांगून ठेवा की आम्ही खात नाही पण ईदला येणार नक्की, म्हणजे वाटा पाठवताना त्यांची कुचंबणा होत नाही. आणि त्या घरातलं कुणी त्याच वर्षी हजला गेलं असेल तर खरी भेट परत आल्यावर द्या, पाय दुखत असतात, पाय शेकायचं मशीन किंवा मऊ चपला फार कामाच्या ठरतात.

ज्या घरात नुकतंच कुणी वारलंय

इथे रंगीत कागद, झगमग नको. नवरा गेलेली स्त्री ४ महिने १० दिवस इद्दत पाळते, त्या काळात साजशृंगार, सुगंध करत नाही, म्हणून अत्तर, बांगड्या, भडक कपडे नेऊ नका. फळं न्या, किंवा त्यांना चालेल असं साधं जेवण, आणि थोडा वेळ बसा. पहिली ईद फार जड जाते. तसंच घरापासून लांब एकटा राहणारा विद्यार्थी, किंवा ईदच्या दिवशीही ड्युटीवर असणारी नर्स, यांच्यासाठी वस्तूपेक्षा सोबत महत्त्वाची, सकाळी नमाजला सोडायला गाडी काढलीत तरी त्यांच्यासाठी ती ईद झाली.

एवढं करूनही चुकलं तर लपवू नका. लगेच जाऊन सांगा, "यात अमुक आहे, मला आधी कळलं नाही, तुम्ही वापरू नका, मी बदलून आणतो." लांबलचक माफी नको, त्याने त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. बदलून आणा, त्याच दिवशी.

आणि घरी आल्यावर मोबाईलमध्ये चार ओळी लिहून ठेवा, कुणाला काय दिलं, काय आवडलं, धाकटीचा बुटाचा नंबर, चाचांना काय चालत नाही. पुढच्या वर्षीचा रिमाइंडर लावताना तारीख दोन आठवडे अलीकडची टाका.